ढोल वाजवणारा ससा आणि विजेची गाडी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमधील एका कारागिराने काही चमत्कारिक टायपिना घडवल्या. एकीवर इवलासा ससा होता. खिशातली बॅटरी सुरू केली की तो ढोल बडवू लागे. दुसरीवर कवटी होती. ती डोळे गरगर फिरवी आणि जबडा हलवी. मेजवानीत शेजाऱ्याला दचकवण्याचा हा हौशी, खर्चिक खेळ.

हा कारागीर म्हणजे ग्युस्ताव त्रुवे. १८८१च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तिचाकी चालवून दाखवली ती यानेच. इंग्लिश बनावटीच्या तिचाकी सायकलीला त्याने सीमेन्सची, पण स्वतः सुधारलेली मोटर आणि पुन्हा भरता येणारी बॅटरी जोडली. कार्ल बेन्झच्या पेट्रोल गाडीचे पेटंट तेव्हा जवळजवळ पाच वर्षे दूर होते.

विजेच्या गाडीचा इतिहास सांगताना ससा आणि कवटी यांना तळटीपेत टाकण्याची प्रथा आहे. ही प्रथा चुकीची आहे. वीज म्हणजे तारायंत्र, वीज म्हणजे प्रयोगशाळा, असे समजणाऱ्या समाजाला ती कोटाच्या खिशात मावते हे त्या सशाने दाखवले. लहान बॅटरी आणि हलकी यंत्रणा हे कौशल्य तिचाकीच्याही कामी आले. खेळणे हे इथे गंभीर संशोधनातून काढलेल्या सुट्टीतले काम नव्हते.

तरीही त्रुवेची तिचाकी बाजारात आली नाही. ती मोटर त्याने होडीला लावली आणि मग तो पुढच्या कल्पनेकडे वळला. लोक त्याचे कौतुक करत राहिले, पण बघे म्हणूनच.

बर्लिनमध्ये १८७९च्या औद्योगिक प्रदर्शनात वेर्नर सीमेन्सनेही एक खेळणेच मांडले होते. सुमारे ३०० मीटरचा गोल रूळमार्ग आणि त्यावर चालक घोड्यासारखा पाय टाकून बसेल एवढे चिमुकले इंजिन. मागे तीन डबे, प्रत्येकात पाठीला पाठ लावून सहा माणसे. गाडी कुठेच जात नव्हती. जिथून निघे तिथेच परत येई. आजच्या जत्रेतल्या झुकझुकगाडीहून ती फारशी वेगळी दिसली नसती. पण सुमारे चार महिन्यांत ८० हजारांहून अधिक माणसे तीत बसली. वीज माणसाला ओढून नेते, ही गोष्ट त्यांना कुणी समजावून सांगावी लागली नाही.

दोन वर्षांनी, मे १८८१मध्ये, बर्लिनजवळच्या लिष्टरफेल्डे येथे सीमेन्सची विजेची ट्राम नियमित धावू लागली. त्याच वर्षीच्या पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात तर दोन्ही वाटा शेजारी दिसल्या. आतल्या हौदात त्रुवेची होडी फेऱ्या मारत होती. बाहेर प्लास द ला कॉंकॉर्दपासून प्रदर्शनाच्या दारापर्यंत सीमेन्सची ट्राम प्रवासी आणत होती. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली, ती या दुसऱ्या वाटेने.

खेळण्याचा खरा धोका वेगळाच आहे, आणि तो शंभर वर्षांनी ब्रिटनमध्ये दिसला. स्वस्त घरगुती संगणकांमुळे घराघरांत पोचलेल्या क्लाइव्ह सिंक्लेअरने १० जानेवारी १९८५ रोजी, ऐन बर्फात, लंडनमध्ये ‘सी५’ नावाची विजेची तिचाकी सादर केली. किंमत ३९९ पौंड, कमाल वेग ताशी १५ मैल, परवान्याची गरज नाही. चालक जमिनीला जवळजवळ टेकून बसे. शेजारून लॉरी गेली की आपण कुठे बसलो आहोत हे त्याला लगेच कळे! सुमारे १४ हजार गाड्या तयार झाल्या. त्यांतल्या पाचेक हजारच विकल्या गेल्या आणि त्याच वर्षी कारखाना थांबला. विजेची गाडी म्हणजे थट्टेचा विषय, ही समजूत मात्र ब्रिटनमध्ये पुढे कितीतरी वर्षे टिकली.

त्रुवेचा ससा ससाच होता. त्याने रस्त्यावर धावण्याचे वचन दिले नव्हते. सीमेन्सची गोल गाडीही प्रदर्शनातली गंमत म्हणूनच समोर आली. ‘सी५’ने मात्र खेळण्याला वाहन म्हटले, आणि लोकांनी तिला वाहनाच्याच मापाने मोजले.

म्हणून आजच्या विजेच्या मोटारींतल्या नाचणाऱ्या दिव्यांना, पडद्यावरच्या खेळांना नाके मुरडण्याचे कारण नाही. विचारायचे ते एवढेच, की दिव्यांचा नाच पाहून थांबलेल्या माणसाला कुणी दार उघडून आत बसवते का, आणि गाडी भरायची कुठे याचे उत्तर देते का. सीमेन्सलाही लिष्टरफेल्डेत असे प्रश्न टाळता आले नाहीत. तिथे वीज रुळांतूनच वाहत असे, आणि फाटकापाशी रूळ ओलांडणारे घोडे झटका बसून उधळत. पुढे ती वीज डोक्यावरच्या तारेत न्यावी लागली.