कुत्र्याचा लळा आणि कुत्र्याचें भय

घरांत कुत्रें नको, असें म्हणणारीं वडील माणसें आणि कुत्रें आणाच, असा हट्ट धरणारीं मुलें यांचा तंटा बहुतेक घरांत केव्हां ना केव्हां होतोच. त्याचा निकाल सहसा वादानें लागत नाहीं. पावसाळ्यांतील एखाद्या संध्याकाळीं मुलगा दप्तराआड झांकून भिजलेलें पिलूं घेऊन येतो, तें स्वयंपाकघराच्या दाराशीं अंग चोरून बसतें, आणि मग विरोधी पक्षाचे पुढारीच त्याच्यासाठीं जुनें पोतें शोधूं लागतात. त्यामुळें कुत्रें पाळावें कीं पाळूं नये, या प्रश्नांत आम्ही शिरत नाहीं. तें घरांत आल्यावर त्याच्याशीं, आणि त्याच्यावरून एकमेकांशीं, घरच्यांनीं कसें वागावें याविषयीं मात्र आम्हांस कांहीं सांगावयाचें आहे.

कुत्र्याच्या सहवासाचें सुख फार मोठ्या गोष्टींत नसतें. गल्लीच्या तोंडाशीं वडिलांच्या गाडीचा आवाज आला कीं, तें इतरांच्या आधीं कान टवकारतें. शाळा सुटण्याची वेळ त्याला घड्याळावांचून कळते. जोडींतील नेमकी एकच वहाण खाटेखालीं नेऊन ठेवण्यांत त्याला काय गोडी वाटते, हें आजवर कोणास उमगलें नाहीं. परीक्षेंत गुण किती मिळाले हें न विचारतां दारांत स्वागत करणारा घरांत तेवढा एकच प्राणी असतो, ही गोष्ट आमचे विद्यार्थी तरी नाकारणार नाहींत. ज्या आजीबाई त्याला उंबरठ्याच्या आंत येऊं देत नव्हत्या, त्याच पुढें भाकरीचा शेवटचा चतकोर निमूटपणें बाजूला काढून ठेवतात. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव आपल्या ओळखीचे आहेत. तोबीतच्या ग्रंथांत तरुण तोबियाच्या दूरच्या प्रवासांतही त्याचें कुत्रें बरोबर चाललेलें आहे.

या सुखाबरोबर लहानसहान धास्तीही येतात. पिलाला रक्ताची हगवण लागली तर एक दिवसही थांबूं नये. पार्वो नांवाचा रोग दोन-तीन दिवसांत पिलें नेतो, आणि तो टाळण्याची लस आहे. गोचिडांमुळें कुत्र्याला ताप येतो, म्हणून कानामागें व बोटांच्या बेचक्यांत रोज पाहावें. पोटांतील जंतांवर वेळच्या वेळीं औषध द्यावें, कारण त्यांचीं अंडीं मातीतून मुलांच्या हातांस व हातांवरून तोंडांत जातात. जेवणापूर्वीं हात धुण्याचा आमचा जुना हेका येथेंही लागूं आहे. कांदा, चॉकोलेट व द्राक्षें हीं कुत्र्याला विषासमान आहेत. लाडानें दिलेली कांद्याची भजी त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करते, हें पुष्कळ सुगृहिणींस ठाऊक नसतें.

परंतु ज्या भयापुढें हीं सर्व भयें फिकीं पडतात, तें पिसाळण्याचें, म्हणजे रेबीजचें. मनुष्याला होणाऱ्या या रोगाच्या शंभरांपैकीं नव्याण्णव प्रसंगीं तो कुत्र्यापासूनच आलेला असतो. रोगाचें बीज लाळेंतून जखमेंत जातें व मज्जातंतूंच्या वाटेनें हळूहळू मेंदूकडे सरकतें. या प्रवासाला बहुधा दोन-तीन महिने लागतात. कधीं आठवडाभर, तर कधीं वर्षही. लहान मुलांची उंची कमी, म्हणून दंश पुष्कळदां तोंडावर वा मानेवर होतो, आणि तेथून मेंदूचें अंतर थोडें असतें. पाण्याची भीति वगैरे लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं, रोगी बहुधा वांचत नाहीं. मात्र त्यापूर्वीं मिळालेला अवकाश हाच मनुष्याच्या हातांतील उपाय होय. ६ जुलै १८८५ रोजीं पॅरिस येथें लुई पाश्चर यांनीं ज्याच्यावर प्रथम आपली लस चालविली, तो जोसेफ माइस्टर अवघा नऊ वर्षांचा होता. दोन दिवसांपूर्वीं पिसाळलेल्या कुत्र्यानें त्याचे लचके तोडले होते, आणि त्याची आई त्याला घेऊन तडक अल्सासहून पॅरिस गांठती झाली. तो वांचला. आपल्या देशांत १९०० सालीं कसौली येथें व १९०७ सालीं कुन्नूर येथें पाश्चर संस्था निघाल्या. मेंढीच्या मेंदूपासून केलेली, पोटांत चौदा-चौदा सुया टोंचावयास लावणारी जुनी लस भारतांत २००४ सालीं बंद झाली. आजची लस दंडांत टोंचतात, चार-पांच खेपांत काम होतें, आणि सरकारी दवाखान्यांत ती फुकट मिळते.

मग औषध हातीं असतांना मुलें दगावतात कां? दूर खेड्यांत लस वेळेवर पोंचत नाहीं, मांत्रिकाकडे धांव घेतली जाते, हीं कारणें आहेतच. परंतु एक कारण आमच्यासारख्या सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतलेंही आहे, आणि त्याचा उच्चार फारसा होत नाहीं. तें म्हणजे मुलाचें मौन. आमच्या परिचयांतील एका मुलास घरच्याच कुत्र्यानें खेळतां खेळतां पोटरीला दांत लावला. चार दिवस त्यानें ती जखम लांब विजारीखालीं झांकून ठेविली. आईनें कपडे धुतांना डाग पाहिला म्हणून गोष्ट उघडकीस आली. कां लपविलें, असें विचारतां तो रडूं लागला व म्हणाला, "बाबा त्याला सोडून आले असते." त्यास सुईचें भय नव्हतें, रागावण्याचेंही नव्हतें. मित्र वांचावा म्हणून तो गप्प राहिला होता. पुढें सर्व सुखरूप झालें. परंतु ते चार दिवस दैवावर सोंपविलेले होते.

पालकांस आमचें निक्षून सांगणें आहे तें हें. "पुन्हां चावला तर पोत्यांत घालून वेशीबाहेर सोडून येईन," ही धमकी घरांत कधींही उच्चारूं नये. ती कुत्र्याला कळत नाहीं. मुलाला मात्र पुरती कळते, आणि त्याच्या तोंडाला कुलूप लावते. शिवाय अशा वेळीं कुत्र्यास हांकलून देणें हें शास्त्रदृष्ट्याही वेडेपणाचें आहे. चावलेलें कुत्रें घरीं बांधून, खाऊं-पिऊं घालून, दहा दिवस नजरेखालीं ठेवावें लागतें. दहा दिवसांनंतरही तें धडधाकट असेल, तर चावतेवेळीं त्याच्या लाळेंत रेबीजचें बीज नव्हतें असें डॉक्टर निश्चयानें सांगूं शकतात व उरलेल्या सुया कमी करतात. वेशीबाहेर सोडलेल्या कुत्र्यावर नजर कोण ठेवणार? अर्थात् या दहा दिवसांची वाट पाहत मुलाचे उपचार थांबवावयाचे नाहींत. ते त्याच दिवशीं सुरू झाले पाहिजेत.

बालमित्रांनो, तुम्हांसही सांगणें आहे. दांत लागला, ओरखडा निघाला, अथवा उघड्या जखमेवर कुत्र्यानें जीभ फिरविली, तर तें घरचें असो वा रस्त्यावरचें, आधीं साबण व नळाचें वाहतें पाणी घेऊन जखम पंधरा मिनिटें धुवा. पंधरा मिनिटें फार लांब वाटतात. घड्याळ पाहूनच धुवा. साबणानें तें बीज पुष्कळसें तेथेंच मरतें. तिखट, चुना, हळद, तेल यांपैकीं कांहींही कोणी लावूं म्हणेल तर लावूं देऊं नका. मग लगेच मोठ्यांस सांगा आणि दवाखान्यांत चला. जखम खोल असेल तर लशीशिवाय आणखी एक औषध जखमेंतच टोंचावें लागतें, तेंही त्याच दिवशीं. पहिली सुई घेऊन, बरें वाटतें म्हणून पुढच्या खेपा चुकविणें हें न घेण्यासारखेंच समजा.

हें घरच्या कुत्र्याचें झालें. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा विषय निघाला कीं, एक पक्ष सर्वांना मारून टाका म्हणतो व दुसरा त्यांना बिस्किटें घालून स्वस्थ बसतो. मारण्याचा मार्ग नवा नाहीं. १८३२ सालीं मुंबईंत भटकीं कुत्रीं मारण्याची सरकारी मोहीम चालली असतां, कुत्र्यास पवित्र मानणारे पारशी लोक खवळले, कोटांतलीं दुकानें बंद पडलीं व दंगा झाला. इतक्या वर्षांत कुत्रीं संपलीं नाहींत आणि रोगही गेला नाहीं. उलट शेजारच्या गोव्याकडे पाहा. तेथें जाळीं घेऊन गल्लोगल्लीं फिरून हजारों कुत्र्यांस वर्षानुवर्षें लस टोंचण्यांत आली, शाळाशाळांतून मुलांस धडे दिले गेले, आणि २०२१ सालीं गोवा हें रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालें. त्याआधींच्या तीन वर्षांत तेथें एकही मनुष्य या रोगानें दगावला नव्हता. दर शंभर कुत्र्यांपैकीं सुमारें सत्तरांस लस मिळाली कीं, रोगाची सांखळी तुटते. दया आणि सावधगिरी या दोहोंचें येथें भांडण नाहीं. एकाच सुईनें दोन्हीं साधतात.

घरचें कुत्रें त्या सत्तरांत पहिलें असावें. तीन महिन्यांचें झालें कीं त्याला पहिली सुई, आणि पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें, बहुधा दर वर्षीं एक. सुईच्या दिवशीं सांखळी मुलानेंच धरावी, कुत्र्याचें डोकें मांडीवर त्यानेंच घ्यावें, आणि पुढच्या वर्षाची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेंत आपल्या हातानें त्यानेंच लिहावी. ज्या घरांत अशी तारीख लिहिलेली आहे, तेथें पोटरीवरचा ओरखडा चार दिवस झांकलेला राहत नाहीं.