अट कोणीं पाळावयाची?

गरिबांस रोख मदत द्यावी, पण ती बिनशर्त देऊं नये. मुलें शाळेंत जातील, गर्भवती स्त्री दवाखान्यांत जाईल, तरच पैसा द्यावा, असें म्हणणारा एक पक्ष आहे. सार्वजनिक पैशाचा विनियोग नीट व्हावा ही त्याची इच्छा रास्तच आहे. परंतु अट घातली कीं करार झाला, आणि करार दोन्ही पक्षांस बांधतो, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. माल न पाठवितां पैशाचा तगादा लावणाऱ्या पेढीची पत किती दिवस टिकेल?

मेक्सिको सरकारनें १९९७ सालीं अशी योजना काढून, मुलांची शाळेंतील हजेरी पाहून मातांच्या हातीं पैसा दिला. मुलें शाळेंत अधिक टिकलीं, हें खरें. परंतु आरंभीं निवड झाली ती शाळा व दवाखाना आवाक्यांत असलेल्या खेड्यांची. म्हणजे जेथें सरकारच पोंचलें नव्हतें, तेथील दीन कुटुंबें मदतीसही मुकलीं. चूक सरकारची, दंड गरिबास!

आपल्याकडे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमानें, नियमित सरकारी नोकरींतील व असाच लाभ अन्यत्र मिळणाऱ्या स्त्रिया सोडून, प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेस निदान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेंत मात्र पहिल्या अपत्यापुरते ५,००० रुपये ठेवले, तेही तपासणी, जन्मनोंद व लसीकरण यांच्या अटींवर, हप्त्यांनीं. २०२२ पासून दुसऱ्या खेपेस ६,००० मिळतात, पण मुलगी झाली तरच! लसीचा आग्रह आम्हांस मान्य आहे. परंतु मुलगा झाला म्हणून बाळंतिणीची भूक कमी होते काय? आणि ही अट आईनें पाळावी तरी कशी? कारखानदारास करांत सूट देतांना त्याच्या घरचा पाळणा कोणी तपाशीत नाहीं.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, अट घालावयाची तर ती सरकारनें प्रथम स्वतःवर घालावी: शाळेंत शिक्षक, दवाखान्यांत डॉक्टर व औषध, आणि पैसा वेळेवर. एवढें करूनही कोणी चुकलें, तर त्याच्या दारीं जाऊन कारण विचारावें. पण मदत तोडूं नये. कारण ती तोडल्याची शिक्षा चुकणाऱ्या बापास होत नाहीं, ती त्याच्या मुलाच्या ताटांतून वसूल होते.