घरमालकाच्या हाती पासपोर्ट

परदेशी शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला निघालेली आपली मुले-मुली मला विद्यापीठाबद्दल, फीबद्दल, व्हिसाबद्दल विचारतात. घराबद्दल फारसे कुणी विचारत नाही. पैसे मोजले की भाड्याने घर मिळते, असे धरून चाललेले असते. पण घर नुसत्या पैशावर मिळत नाही, हे आपल्यापेक्षा अधिक कुणाला ठाऊक असणार?

ब्रिटनने २०१४ च्या इमिग्रेशन कायद्याने 'राइट टू रेंट' आणले. १ फेब्रुवारी २०१६ पासून ते संपूर्ण इंग्लंडला लागू आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला नाही. भाडेकरूला देशात राहण्याचा हक्क आहे की नाही, हे घरमालकाने तपासायचे. चुकला तर २०२४ पासून पहिल्या वेळी एका भाडेकरूमागे दहा हजार पौंडांपर्यंत दंड, पुन्हा चुकला तर वीस हजारांपर्यंत. जाणूनबुजून घर दिले तर तुरुंगवासही होऊ शकतो.

आता घरमालकाचे गणित पाहा. चुकीच्या माणसाला घर दिले तर सरकार मागे लागते. हक्काच्या माणसाला घर नाकारले तर त्या माणसाने स्वतः वकील शोधायचा, कोर्टात जायचे. मग मालक सोपा मार्ग धरतो. नाव, रंग, बोलण्याची ढब पाहून 'खोली गेली' असे सांगतो. लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या योजनेमुळे वंशभेद होतो, असा निर्वाळा दिला. २०२० मध्ये अपील न्यायालयाने भेदभाव होतो हे मान्य केले, तरीही योजना कायदेशीर ठरवली. म्हणजे तुमच्यावर अन्याय होतो हे खरे, पण तो सोसा!

हे वाचताना मला बडोदा आठवते. १९१७ साली कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या बाबासाहेबांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले आणि जात कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. पदवी होती, संस्थानची नोकरी होती. तपासणी मात्र जातीची झाली.

आजच्या भारतातही पोलीस पडताळणीच्या नावाखाली अनेक शहरांत घरमालकाला चौकीदार केले जाते. २०२५ च्या जुलैमध्ये गुरुग्राममध्ये बांगला बोलणाऱ्या मजुरांना पकडून त्यांचे कागद तपासले गेले आणि घाबरलेली कुटुंबे शहर सोडून गेली. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातील अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम नावांना भाड्याची घरे कशी नाकारली जातात, हे त्यातून दिसले. 'मांसाहार करता का?' हा प्रश्न पोलीस अर्जात नसतो. पण कागद मागण्याचा अधिकार हाती आला की मालक हाही प्रश्न त्याच दमात विचारतो.

देशाच्या सीमेची राखण करणे सरकारचे काम आहे, हे मला मान्य आहे. ते काम खासगी मालकाकडे सोपवणे मला मान्य नाही. कारण मालक कायदा शिकलेला नसतो, तो आपल्या पूर्वग्रहावरच चालतो. पडताळणी करायचीच असेल तर ती करारानंतर, सर्वांची एकसारखी आणि सरकारी यंत्रणेने करावी. जात, धर्म वा आहार पाहून घर नाकारणाऱ्याला दंड बसेल असा सर्वसमावेशक भेदभावविरोधी कायदाही आपल्याला हवा. तो आज भारतात नाही.

इंग्लंडला जाणाऱ्यांनी तोवर एवढे करावे. विद्यापीठाच्या वसतिगृहाला ही तपासणी लागू नाही, म्हणून पहिल्या वर्षी तिथेच अर्ज करा. बाहेर राहायचे असेल तर सरकारी संकेतस्थळावरून 'शेअर कोड' काढून ठेवा. तो नव्वद दिवस चालतो. मालकाने नकार दिला तर कारण लेखी मागा आणि निरोप जपून ठेवा. विद्यार्थी संघटनेला कळवा.

नकार मिळाला की आपली माणसे गप्प बसून पुढचे दार ठोठावतात. दारे ठोठवावीच लागतील, पण नकाराची नोंद ठेवून. नोंद नसेल तर कोर्टात आणि संसदेत आपल्या बाजूने दाखवायला काहीच उरत नाही.