‘विसरून जा’ हा उपचार नाही

माळीण २०१४. तळिये २०२१. इर्शाळवाडी २०२३. दरड कोसळली की पुढचं आता पाठ झालंय: मंत्र्यांचे दौरे, मदतीचे चेक, पुनर्वसनाचे नकाशे. आणि जो वाचला, त्याच्या मनाचं काय? ‘झालं गेलं विसरा, देवाचं नाव घ्या.’ संपलं!

स्पष्टच बोलतो. सुरुवातीला हादरणं साहजिक आहे, बहुतेकजण हळूहळू सावरतात. पण महिने उलटले तरी पत्र्यावर पाऊस वाजला की ज्याला घाम फुटतो, जो डोंगराकडे बघतसुद्धा नाही, त्याला ‘विसर’ म्हणणं म्हणजे मोडक्या पायाला ‘चाल’ म्हणणं. आठवण टाळली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण भीती जिथल्या तिथेच राहते. आठवण म्हणजे दरड नव्हे, हे मनाला कळायची संधीच मिळत नाही.

यावर उपचार आहे. अमेरिकेतल्या एडना फोआ यांनी ‘प्रोलाँग्ड एक्स्पोजर’ ही पद्धत विकसित केली. साधारण ८ ते १५ बैठका. प्रशिक्षित माणसासमोर घडलेलं पुन्हा पुन्हा, सविस्तर सांगायचं. टाळलेल्या, पण सुरक्षित असलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने जायचं. पावसात ओसरीवर बसणं, ही झाली एक पायरी. खचणाऱ्या उताराखाली राहायला जाणं हा उपचार नव्हे. ती भीती खरीच आहे, तिथे माणूस हलवायलाच हवा.

काहीजण म्हणतील, खपली कशाला काढायची? अहो, खपलीखाली पू असेल तर डॉक्टर काय करतो? फक्त ते काम डॉक्टरचं. तोंडासमोर माईक धरून ‘कसं वाटतंय?’ विचारणाऱ्याचं नाही. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना गोळा करून ‘बोला, मोकळे व्हा’ म्हणणाऱ्याचंही नाही. पोराला विहिरीत ढकलून पोहायला शिकवणं वेगळं आणि हे वेगळं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिलाय. १४४१६ हा टेलिमानस नंबर आहे, जरूर वापरा. पण आठवड्यामागून आठवडे समोर बसणारं माणूस फोनने कसं मिळणार?

म्हणून मागणी साधी आहे. पुनर्वसनाच्या आराखड्यात घर, रस्ता, पाण्यासोबत जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किमान वर्षभर प्रशिक्षित मानसतज्ज्ञ द्या. येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरीही द्या. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. घर पक्कं झालं, पण आतला माणूस दर पावसात रात्रभर जागाच असेल, तर पुनर्वसन झालं असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?