आई जिवंत, पोर अनाथ

परदेशातलं जोडपं येतं, अनाथाश्रमातलं पोर कडेवर घेऊन विमानात बसतं. त्यांच्या मायेवर माझा राग नाही. राग आहे 'अनाथ' ह्या शब्दावर.

हिंगोलीकडची बाई दिवाळी सरली की टोळीबरोबर ऊसतोडीला जाते. मुकादमाची उचल घेतलेली, फिटेपर्यंत सुटका नाही. अशी एखादी आई पोर संस्थेला देते, बाल कल्याण समितीपुढं अंगठा उठवते. २०१५ चा बाल न्याय कायदा तिला फेरविचाराला ६० दिवस देतो. तेव्हा ती कुठल्या फडात, कोण शोधणार? पोर देण्याची कारणं कायद्यानं लिहिलीत: शारीरिक, भावनिक, सामाजिक. भूक कुठं बसवायची?

लक्ष्मीकांत पांडे ह्या वकिलानं पत्र लिहिलं, म्हणून सुप्रीम कोर्टानं १९८४ साली परदेशी दत्तकाला नियम घातले. तरी पुण्याच्या प्रीत मंदिरावर २०१० मध्ये सीबीआयची केस झालीच. गरिबांची पोरं पैशासाठी बाहेर धाडल्याचा आरोप होता.

गोदीत मी पेट्या चढवतो. पेटीच्या कागदावर पाठवणाऱ्याचं नाव असतं, गाव असतं. दत्तक गेलेल्या पोराच्या जन्मदाखल्यावर मात्र नवे आईबाप. जिनं नऊ महिने वाहिलं, ती कागदातूनच गायब!

मराठवाड्यातून मुंबईत आलेल्यांनो, हंगामाआधी गावाकडं चक्कर मारा. बायांना हे ६० दिवस सांगा. पोर काही दिवस ठेवणं वेगळं, कायमचं देणं वेगळं, हेही सांगा. अंगठ्याआधी कागद मोठ्यानं वाचून घ्यायला लावा.