अपुऱ्या दिवसांचे मूल आणि नोंदवही

दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या अर्भकाचा रक्तदाब एकाएकी खाली जातो. हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. सलाईन देऊन होते, रक्तदाब वाढविणारी औषधे चढवून होतात. तरी प्रकृती सावरत नाही. अशा काही अर्भकांत दोष मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा असतो. संकटात रक्तवाहिन्यांना ताण देणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक पुरेसे निर्माण करण्याची या ग्रंथींची तयारी गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत होते. सव्विसाव्या आठवड्यात जन्मलेल्या जिवाला ती सवड मिळालेलीच नसते. अशा वेळी हायड्रोकॉर्टिसोनच्या अल्प मात्रेने रक्तदाब पुष्कळदा सावरतो.

हे औषध स्वस्त आहे, आणि मोह नेमका येथेच आहे. आजारी, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाला किती कॉर्टिसॉल पुरेसे, याविषयी तज्ज्ञांत अद्याप एकमत नाही. हायड्रोकॉर्टिसोनच्या जोडीला इंडोमेथासिन दिल्यास आतड्याला छिद्र पडण्याची भीती असते. त्याच कुळातील डेक्सामेथासोन जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत सर्रास दिले गेले, तेव्हा मेंदूच्या विकाराने अपंग झालेल्या मुलांचे प्रमाण वाढलेले आढळले. तात्पर्य, औषध हाती असणे म्हणजे उपचार हाती असणे नव्हे.

याची साक्ष मराठी मुलुखाजवळच मिळते. अकाली प्रसूतीच्या वेळी मातेला याच वर्गातील औषध दिल्यास मूल वाचण्याची शक्यता वाढते, हे लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ साली न्यूझीलंडमध्ये दाखविले. हा उपाय खेडोपाडी नेण्याचा प्रयोग सहा देशांत झाला. नागपूर व बेळगाव ही त्यातील भारतीय केंद्रे. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विपरीत होता: एकंदर अर्भकमृत्यू घटले नाहीत, उलट वाढले. पुढे २०२० साली भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, सोनोग्राफीने गर्भाचे वय निश्चित करून तेच औषध दिले गेले, तेव्हा मृत्यू कमी झाले. औषध बदलले नव्हते. त्याच्या भोवतीची मोजणी आणि देखभाल बदलली होती.

मोजणीचे महत्त्व बार्शीला कोणी शिकविण्याची गरज नाही. ग्रामीण जनतेतील कर्करोगाची देशातील पहिली पद्धतशीर नोंदणी १९८७ साली याच गावी सुरू झाली. बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांतील खेड्यांत जाऊन कार्यकर्त्यांनी रुग्ण शोधले. मोठ्या शहराबाहेरही शास्त्रशुद्ध नोंद ठेवता येते, हे त्या उपक्रमाने सिद्ध केले.

तीच शिस्त आता नवजात अर्भकांना हवी. बार्शीहून सोलापूर सुमारे ७० किलोमीटर; रक्ताभिसरण कोलमडलेल्या जिवाला ही वाट फार लांब आहे. म्हणून तालुक्याच्या प्रत्येक गावी अर्भकाच्या दंडाला बेताचा रक्तदाबाचा पट्टा, रक्तातील साखर पाहण्याची सोय, ऊब आणि रात्रपाळीलाही प्रशिक्षित परिचारिका असावी. कोणते औषध केव्हा दिले, मूल वाचले काय, दोन वर्षांनी चालू-बोलू लागले काय, याची नोंद व्हावी. यंत्रांच्या उद्घाटनाला समारंभ होतात, नोंदवहीला होत नाहीत. परंतु त्या वहीवाचून देण्यात येणारे औषध हा उपचार नसून अंदाज असतो. आणि एक किलोहून कमी वजनाच्या जिवाला एक चुकीचा अंदाजही सोसत नाही.