परिच्छेदातील दार्ष्टान्तिक

पदव्युत्तर वर्गाचे निबंध आणि पीएच.डी.चे प्रबंध तपासताना एक वाक्य वारंवार भेटते : 'यावरून स्पष्ट होते.' आधी विधान, मग लांबलचक अवतरण, मग हे वाक्य आणि लगेच नवा परिच्छेद. काय स्पष्ट होते व कसे, हे शोधण्याचे काम वाचकावर सोपवून लेखक मोकळा होतो. निबंधाच्या आरंभाविषयी आणि समारोपाविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. मधल्या परिच्छेदांची घडण मात्र 'मुद्दे मांडा' एवढ्या सूचनेवर सोडून देतो.

ती शिकवण्यासाठी इंग्रजी लेखनपुस्तिकांकडेच धाव घ्यावी असे नाही. केसोबासांच्या 'दृष्टान्तपाठा'त ११४ दृष्टान्त आहेत आणि रचना त्रिपदरी आहे : सूत्र, दृष्टान्त, दार्ष्टान्तिक. सूत्र व दृष्टान्त चक्रधरांचे. दृष्टान्त सूत्राला कसा लागू पडतो हे उलगडणारे दार्ष्टान्तिक केसोबासांचे. साक्षात गुरुवचन हाती असताही त्यांना ते उलगडून दाखविण्याची गरज वाटली. आमच्या परिच्छेदात नेमके हे तिसरे अंग गळालेले असते. अर्थात, धर्मग्रंथात सूत्र अढळ असते. निबंधात पुराव्यामुळे सूत्रही बदलावे लागते.

उदाहरणार्थ, केशवसुतांची 'तुतारी' (१८९३). 'या कवितेत सामाजिक बंडखोरी आहे' हे विधान, खाली दोन कडवी, की परिच्छेद संपला! परंतु कवितेच्या आरंभी तुतारी कवीच्या हाती नाहीच. तो ती मागतो आहे, आणि फुंकण्याची क्रिया भविष्यकाळात आहे. प्राण स्वतःचे, वाद्य मात्र दुसऱ्याने आणून द्यावयाचे. एवढे लक्षात आले की 'बंडखोरी' हा शब्द अपुरा पडतो. बंडाची सिद्धता, त्यासाठीची याचना असे काही म्हणावे लागते. म्हणजे परिच्छेदाचे पहिले वाक्यच पुन्हा लिहावे लागते. संशोधन म्हणतात ते येथे घडते, संदर्भसूचीत नव्हे.

विद्यार्थ्यांना दोष देणे सोपे आहे. अशा प्रबंधांवर मार्गदर्शक म्हणून मीही सह्या केल्या आहेत. अवतरणांची संख्या म्हणजे व्यासंग, असे मानण्याची सवय त्यांना आपणच लावली. हल्ली मी 'यावरून स्पष्ट होते' हे वाक्य खोडून त्याजागी तीन वाक्ये लिहावयास सांगतो. काहींना ती सुचत नाहीत. ते अवतरणच काढून टाकतात. त्यालाही मी हरकत घेत नाही.